जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये ब्लूटूथ आणि चार्जिंग बसवतोय, आतल्या जोडणीला वायर कुठली घ्यावी?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितोय पण पूर्ण वाचा प्लीज, एकदा चूक झालीय आणि दुसऱ्यांदा करायची नाहीये. आमच्या आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर आहे, चामड्याच्या कव्हरचा, तीन मोठे सेल लागतात म्हणजे साडेचार व्होल्टवर चालतो. मीडियम वेव्ह अजून छान लागतं, ७९२ वर पुणे आकाशवाणी सकाळी स्वच्छ ऐकू येतं. पण आजोबांना अभंगही त्याच रेडिओतून ऐकायचेत, मोबाईलच्या स्पीकरचा आवाज त्यांना पत्र्यासारखा वाटतो. म्हणून ठरवलं की आत एक छोटं ब्लूटूथ मॉड्यूल टाकू, सेलच्या जागी १८६५० चा एक लिथियम सेल आणि टाइप-सीवालं टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल बसवू, आणि रेडिओ-ब्लूटूथ बदलायला एक बारका स्विच. मूळ रेडिओला धक्का लावायचा नाही, ते आजोबांनी आधीच बजावलंय.

सर्किट समजलंय, प्रश्न फक्त वायरचा आहे आणि तिथंच माती झाली. घरात लॅन केबलचा तुकडा पडलेला होता, त्यातल्या तांब्याच्या सिंगल वायरी छान चकचकीत दिसल्या, सोल्डरही पटकन धरलं, म्हणून ब्लूटूथ मॉड्यूलला सगळीकडे त्याच लावल्या. टेबलावर सगळं चाललं. मग मागचं झाकण लावायला गेलो, वायरी दाबून आत बसवल्या आणि टक् असा बारीक आवाज आला. उघडून बघितलं तर उजव्या चॅनलचा पॅड, म्हणजे वायर जोडायचा तांब्याचा बारका चौकोन, वायरच्या टोकाला चिकटून वर आलेला, मॉड्यूलवर नुसता पिवळसर चौकोन. जुन्या इयरफोनची वायर लावून बघितली तर तिला सोल्डरच धरेना, आत लाल-हिरव्या रंगाचे केसासारखे तंतू आणि मध्ये दोरा.

तर मला सांगा, बॅटरीला कुठली, ऑडिओला कुठली, स्पीकरला कुठली? एकाच प्रकारची वायर घेऊन सगळं भागेल का? आणि दुकानदार ९० मीटरचं बंडल दाखवतो, मला लागणार दोन मीटर, तर मागायचं काय म्हणून? बारीक टिपचं २५ वॉटचं साधं आयर्न आहे माझ्याकडे, टेंपरेचर कंट्रोलवालं नाही.

जुना_बेंच:
बाळा, आधी एक काम कर, मीटर काढ आणि रेडिओचा ग्राउंड प्लस आहे की मायनस ते बघ. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे जुने सेट असायचे, एसी१२८ वगैरे लावलेले, त्यात बरेचदा प्लस हाच ग्राउंड असतो. तुझ्या ब्लूटूथचा ग्राउंड मायनस. ऑडिओला तू शिल्डेड वायर घेशील, बाहेरून तारांची जाळी असलेली, ती जाळी दोन्हीकडे ग्राउंड म्हणून जोडलीस की बॅटरी सरळ शॉर्ट. व्हॉल्यूम कंट्रोलचा जो पाय ग्राउंडला गेलाय तो आणि बॅटरीचा मायनस यांच्यात कंटिन्युइटी लाव, सेल काढून. बीप आला तर पुढं जा.

आता वायरचं. तुझा पॅड डाग जास्त दिल्यामुळं नाही निघाला, वायर ताठ होती म्हणून निघाला. लॅनची वायर अर्ध्या मिलीमीटरची भरीव तार आहे, ती वाकवलीस की ती पहारीसारखी काम करते, दहा सेंटीमीटर लांब पहार आणि टोकाला दोन मिलीमीटरचा पॅड, जोर सगळा पॅडवर. पॅड बोर्डाला नुसता चिकटवलेला असतो रे, खिळा मारलेला नसतो. ती तार वाईट नाही, मी ब्रेडबोर्डला आणि बोर्डावरच्या जंपरला तीच वापरतो, जिथं एकदा बसली की परत हलायची नाही तिथं सिंगल स्ट्रँड उत्तम. पण एका बोर्डावरून दुसऱ्या बोर्डावर, झाकणावरच्या स्विचवर, स्पीकरवर जाणारी वायर नेहमी मल्टीस्ट्रँडच हवी, म्हणजे आत अनेक बारीक तारा असलेली. मी तीस वर्षं रिपेअरिंग केलं, बंद पडलेल्या सेटमध्ये पार्ट गेलेला असायचा त्याच्याइतकीच तुटलेली वायर असायची, आणि ती कायम सोल्डर जिथं संपतो त्या कडेलाच तुटलेली.

दुकानात मागायचं कसं ते सांगतो. आपल्याकडं गेज सांगत बसू नकोस, ७/३६ म्हण, १४/३८ म्हण. पहिला आकडा म्हणजे आत तारा किती, दुसरा म्हणजे एकेका तारेची जाडी एसडब्ल्यूजी या ब्रिटिश गेजमध्ये, आकडा मोठा तितकी तार बारीक. ७/३६ म्हणजे छत्तीस नंबरच्या सात तारा, हीच तुझी रोजची भाजी-भाकरी, सिग्नलला, स्विचला, ब्लूटूथच्या सप्लायला. स्पीकरलाही चालेल, एवढ्याशा रेडिओत करंट असा कितीसा. बॅटरीला मात्र १४/३६ घे. पुण्यात असशील तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली किंवा पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, मीटरवर कापून देतात, लाल काळी पिवळी अशी तीन-चार रंगांत एकेक मीटर घे. रंगात कंजुषी करू नकोस, सहा महिन्यांनी तूच उघडशील तेव्हा रंगच कामाला येतात. नाहीतर इंद्रधनुष्यी रिबन केबल अर्धा मीटर घे, हव्या तितक्या वायरी सोलून काढायच्या.

आणि हो, रेडिओच्या मूळ बोर्डाला जपून. तो तपकिरी कागदी बोर्ड असणार, त्याचा ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, म्हातारा झालेला असतो, आयर्न तीन सेकंदांच्या वर ठेवलंस तर कातडीसारखा सुटून येतो. शक्यतो बोर्डाला हात न लावता व्हॉल्यूमच्या पायावर आणि स्विचच्या पायावरच डाग दे.

ओहमचा_नियम:
काकांच्या पोस्टमध्ये एक भर, कारण ऑनलाइन घेताना यात फसायला होतं. ७/३६ हे आपल्या दुकानात एसडब्ल्यूजी असतं, त्यात तार ०.१९ मिमीची, सात मिळून साधारण ०.२ चौ. मिमी, म्हणजे अमेरिकन गेजमध्ये २४ नंबर. पण रिबन केबलच्या कागदावर ७/३६ लिहिलेलं असलं तर ते बहुतेक एडब्ल्यूजी, म्हणजे अमेरिकन गेज असतं, त्यात तार ०.१३ मिमीची आणि सगळी मिळून २८ गेज. आकडा तोच, तांबं निम्म्याहून कमी. सिग्नलला फरक पडत नाही, बॅटरीला पडतो.

किती पडतो ते मोजूनच बघू. ३० गेजच्या बारीक वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.३४ ओहम आहे, २४ गेजचा ०.०८४ आणि २२ गेजचा ०.०५३. सेल आणि चार्जिंग मॉड्यूल यांच्यात १५ सेंटीमीटर अंतर धरलं तर जायची-यायची मिळून ३० सेंटीमीटर वायर. टीपी४०५६ जसं विकत मिळतं तसं १ अँपिअरवर सेट केलेलं असतं, १.२ के (किलोओहम) चा रेझिस्टर असतो त्याच्यावर. म्हणजे ३० गेज लावली तर वायरवरच ०.१ व्होल्ट पडणार, २४ लावली तर ०.०२५. ऐकायला ०.१ काहीच नाही, पण चार्जर व्होल्टेज बघतो ते स्वतःच्या पायावरचं, त्याला वाटतं ४.२ झाले आणि तो करंट कमी करायला लागतो, सेल प्रत्यक्षात तेव्हा ४.१ ला असतो. शेवटी भरतो पूर्ण, कारण करंट कमी झाला की वायरवरचा ड्रॉपही कमी होतो, पण वेळ बराच खातो. लोक म्हणतात मॉड्यूल खराब निघालं, आणि मॉड्यूल बिचारं बरोबर असतं.

बॅटरीच्या वायरला जाडी हवी याचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. लिथियम सेल शॉर्ट झाला तर वायरमधून क्षणभरात इतका करंट जातो की बारीक वायरचं कव्हर जळून ती शेजारच्या वायरी पण जाळते. म्हणून संरक्षणाचं सर्किट असलेलंच मॉड्यूल घ्या, ज्याला बी आणि आउट असे वेगळे पाय असतात, रेडिओ आउटवर जोडा आणि सेलच्या प्लसला जमलं तर छोटा फ्यूज टाका. सेलला थेट डाग अजिबात देऊ नका. निकेलची पट्टी वेल्ड केलेला सेल मिळतो, त्या पट्टीला वायर लावा, किंवा सरळ होल्डर वापरा.

आणखी एक. बाजारात स्वस्त वायर म्हणून ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर भरपूर मिळते, स्पीकर वायर आणि स्वस्त लॅन केबलमध्ये तर खूपच. ब्लेडने टोक खरवडा, आतून पांढरी दिसली की ती ठेवून द्या. तिला सोल्डर वरवर धरतं, थोडा वेळ गरम राहिलं की मुलामा सोल्डरमध्ये विरघळतो आणि खाली ॲल्युमिनियम उघडं पडतं, त्याला कथील चिकटतच नाही. वाकवून बघा, दोन-चार वेळा वाकवली की तुटते. घेताना टिन्ड कॉपर म्हणजे कथील चढवलेलं तांबं मागा, तारा चंदेरी दिसतात, पण ब्लेडने खरवडल्यावर आत लालसर तांबं दिसायला हवं.

चिमुकले_पॅड:
मी जुन्या हातातल्या गेमिंग कन्सोलचे स्क्रीन आणि बटणं बदलते, त्यामुळे पॅड उचकटण्याचं दुःख माझ्या ओळखीचं आहे. तुमचं मॉड्यूल टाकून देऊ नका, ते वाचतं. त्या पिवळसर चौकोनाला भिंगातून बघा, एका बाजूने बारीक रेघ निघालेली दिसेल, हिरव्या किंवा निळ्या रंगाखाली. तो ट्रॅक आहे. ब्लेडच्या टोकाने त्याच्यावरचा रंग दोन मिलीमीटर हळूहळू खरवडा, कापायचं नाही, नुसतं घासायचं, तांबं चमकलं की थांबा. थोडा फ्लक्स (कथील नीट धरायला लावतात ती पेस्ट), आयर्नच्या टिपवर कथिलाचा एक ठिपका, आणि तो ठिपका त्या रेघेवर नुसता टेकवायचा. मग वायर त्या रेघेच्याच दिशेने आडवी झोपवून जोडायची. उभी ठेवलेली वायर पॅड उपटते, आडवी झोपलेली वायर ओढली तरी जोर बऱ्यापैकी वाटला जातो. हे या सगळ्या पोस्टमधलं तुम्ही एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे.

असल्या ठिकाणी मी ३० गेजची रॅपिंग वायर वापरते, चांदीचा मुलामा असलेली सिंगल तार असते, पाव मिलीमीटरची, वर कायनारचं पातळ कव्हर. ती पीव्हीसीसारखी गरम झाली की आक्रसून मागे पळत नाही, वळवाल तशी राहते आणि कोपऱ्यातून नेता येते. काका म्हणतात ते बरोबर, ती सिंगल स्ट्रँड आहे, त्यामुळे बोर्डावर चिकटवूनच टाकायची, अधांतरी ठेवायची नाही. तुमच्या कामात मी असं करेन: पॅडपासून दोन सेंटीमीटर रॅपिंग वायर, ती मॉड्यूलच्याच मोकळ्या जागेवर गोंदाने पक्की, आणि तिथून पुढे मऊ मल्टीस्ट्रँड. जोडावर हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. म्हणजे झाकण लावताना जे काही हलेल ते मऊ वायरमध्ये हलेल, पॅडला कळणारही नाही.

तिचं कव्हर काढताना मात्र नवीन माणूस चुकतो. साध्या स्ट्रिपरला ३० गेजचं भोक नसतं, मग लोक दाताने नाहीतर कटरने ओढतात आणि तारेवर बारीक चीर पडते. चीर दिसत नाही, पण वायर एक-दोनदा हलली की तिथंच तुटते. ब्लेडखाली वायर ठेवून बोटाने हलकेच गोल फिरवा, मग नखाने टोक ओढून घ्या. दीड-दोन मिलीमीटर उघडी पुरते.

त्याहून बारीक म्हणजे एनॅमल वायर, ०.१ मिमीची, ती फक्त तुटलेला ट्रॅक जोडायला. घेताना पॉलीयुरेथेन इनॅमलवाली विचारून घ्या, तिचा लेप आयर्नच्या गरम कथिलात जळून जातो. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची वायर आणलीत तर तिचा लेप आयर्नला दाद देत नाही, ब्लेडने खरवडावा लागतो आणि इतकी बारीक तार खरवडताना तुटते. लेप जळताना निघणारा धूर नाकात जाऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा, पंखा बाहेरच्या दिशेला. तुमच्या इयरफोनचे लाल-हिरवे तंतू म्हणजे हेच, प्रत्येक तंतूला लेप. टिपवर कथिलाचा मोठा थेंब घेऊन त्यात टोक चार-पाच सेकंद बुडवून ठेवलं असतं तर धरलं असतं, पण मधला दोरा जळून काळं होतं आणि वायरही कमजोर, जाऊ द्या तिला.

हार्नेसवाली:
मी वायर हार्नेसच्या, म्हणजे वायरींचे तयार जुडगे बनवायच्या कामात आहे, दिवसभर हेच करते, म्हणून दोन गोष्टी सांगावाशा वाटल्या. वर काकांनी लिहिलं ना की वायर सोल्डर संपतो तिथं तुटते, त्याचं कारण असं की कथील तारांच्या मधून वर चढतं, वातीत तेल चढतं तसं. जिथपर्यंत चढलं तिथपर्यंत मल्टीस्ट्रँड वायर भरीव काडी होते, आणि काडी जिथं संपते तिथं सगळं वाकणं एका जागी येतं. चढलेलं कथील कव्हरच्या आत गेलं तर तुम्हाला बाहेरून दिसतही नाही. उपाय सोपा आहे, टिनिंग करताना, म्हणजे वायरच्या टोकाला आधी कथील चढवताना, कव्हरच्या कडेला चिमट्याने वायर धरा, चिमटा उष्णता ओढून घेतो आणि कथील तिथंच थांबतं. सोललेल्या भागातही कव्हरच्या जवळची मिलीमीटरभर तार कोरडी दिसली पाहिजे.

कव्हरबद्दल. साधं पीव्हीसी स्वस्त आणि बऱ्याच कामांना पुरेसं, पण २५ वॉटच्या आयर्नचं तापमान आपल्या हातात नसतं, जरा रेंगाळलात की कव्हर आक्रसून पाच मिलीमीटर उघडी तार दिसायला लागते, आणि दोन पॅड शेजारी असतील तर तेच शॉर्टचं कारण. त्यामुळे आधी वायरला कथील, मग पॅडला कथील, मग दोघं टेकवून एका सेकंदात मोकळं व्हायचं. सिलिकॉन वायर आयर्न लागलं तरी वितळत नाही आणि दोऱ्यासारखी लुळी असते, बॅटरीला २२ गेजची सिलिकॉन घेतलीत तर पैसे वसूल. तिचं कव्हर मात्र मऊ असल्यामुळे धारदार पत्र्याला किंवा स्क्रूला घासलं की सहज कापलं जातं, जागा बघून न्या. टेफ्लॉन वायर खूप लोक चांगली म्हणून घेतात, उष्णतेला ती सगळ्यात भारी आहेच, पण ताठ असते, सोलायला चांगला स्ट्रिपर लागतो आणि लायटरने कव्हर जाळून काढायचा प्रकार कृपया कोणी करू नका, तो धूर विषारी असतो. रेडिओसाठी तिची गरज नाही.

वायरी चिकटवायला दुकानातलं बाथरूमचं सिलिकॉन सीलंट आणलंत आणि त्याला व्हिनेगरचा वास आला तर ते वापरू नका. ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, तांबं हिरवं पडतं. आमच्याकडे एका बॅचमध्ये हे झालेलं बघितलंय मी, चार महिन्यांत वायरी कव्हरच्या आतपर्यंत खाल्लेल्या. न्यूट्रल सिलिकॉन मागा, नाहीतर साधी ग्लू गन.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी पुण्याला गेलो होतो, तपकीर गल्लीत ७/३६ चार रंगांत आणि १४/३६ लाल-काळी मीटरवर मिळाली, दुकानदाराने नाव ऐकताच हात घातला, इतके दिवस मी पातळ वायर द्या म्हणत होतो. रॅपिंग वायर आणि एक मीटर शिल्डेड वायर पण घेतली. काका, ग्राउंड मायनसच निघाला, बीप आला.

ताईंनी सांगितलं तसा ट्रॅक खरवडला, भिंग नव्हतं म्हणून आजोबांचा वर्तमानपत्र वाचायचा काच वापरला, दोन मिलीमीटर तांबं निघालं आणि वायर आडवी बसली. ओढून बघितली हलकी, हलली नाही. डावा-उजवा चॅनल एक-एक के च्या रेझिस्टरमधून एकत्र केला, पुढे एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग स्विच, मग व्हॉल्यूमचा पाय.

आता दोन प्रश्न. एक, ब्लूटूथवर गाणं थांबलं की मागे बारीक टुरटुर आवाज येतो, फोन जोडताना जास्त. शिल्डची जाळी दोन्हीकडे जोडलीय. ब्लूटूथचा मायनस मी रेडिओच्या मायनसवरूनच पुढे नेलाय, छोटी वायर पुरली म्हणून. दुसरा प्रश्न जास्त काळजीचा आहे. काम करताना रेडिओच्या आतल्या अँटेनाच्या, म्हणजे काळ्या फेराइट रॉडवरच्या कॉइलची एक वायर ताणली गेली, टोकाला सात-आठ केसासारख्या तारा एकत्र पिळलेल्या होत्या, त्यातल्या तीन-चार तुटल्यासारख्या दिसतायत. रेडिओ लागतोय पण ७९२ पूर्वीपेक्षा दबका वाटतो. इथं कुठली वायर लावू?

जुना_बेंच:
तिथं कुठलीच नवी वायर लावू नकोस, थांब. त्याला लिट्झ वायर म्हणतात, प्रत्येक तंतूवर वेगळा लेप असतो आणि सगळे मिळून पिळलेले. मीडियम वेव्हच्या फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या पृष्ठभागावरून जास्त जातो, म्हणून एका जाड तारेऐवजी अनेक बारीक तारा घेतात, कॉइलमध्ये वाया जाणारा सिग्नल कमी होतो. चार तंतू सुटले तर कॉइल चालते पण तिची धार जाते, तुला दबकं ऐकू येतंय ते त्यामुळंच असणार. कॉइलचं टोक अर्धा सेंटीमीटर सोडवून घे, सगळे तंतू मिळतील तिथपर्यंत मागं जा, एकत्र पीळ, मग टिपवर कथिलाचा थेंब घेऊन त्यात टोक बुडव, लेप जळून सगळे तंतू चंदेरी झाले पाहिजेत. एक जरी लालसर राहिला तर तो जोडला गेला नाही असं समज. जुन्या सेटला कापडी वेष्टण असतं त्याला आधी मागं सारून घे. कॉइल रॉडवर मेणाने अडकवलेली असेल तर ती जागची सरकवू नकोस, ती जागा कारखान्यात ट्यूनिंग करून ठरवलेली असते.

टुरटुर आवाजाचं सांगतो. ब्लूटूथ करंट झटके देत ओढतं, आणि तो करंट तू रेडिओच्या ग्राउंडमधून परत पाठवतोयस, त्याच वायरवर अँप्लिफायरचाही ग्राउंड आहे. चार्जिंग मॉड्यूलच्या आउट मायनसपासून दोन वेगळ्या काळ्या वायरी काढ, एक रेडिओला, एक ब्लूटूथला. शिल्डची जाळी फक्त व्हॉल्यूमच्या बाजूला जोड, ब्लूटूथच्या बाजूला कापून वर हीट श्रिंक चढव. बराचसा जाईल. एवढं करूनही राहिला तर बाजारात छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो मध्ये टाक.

ओहमचा_नियम:
आणि रेडिओ ऐकताना ब्लूटूथचा सप्लाय पूर्ण बंद होईल असा दोन पोलचा, म्हणजे एकाच वेळी दोन वेगळ्या जोडण्या बदलणारा स्विच घ्या, नुसता ऑडिओ बदलून चालणार नाही. मॉड्यूल चालू राहिलं तर त्याचा डिजिटल गोंगाट फेराइट रॉड पकडतो आणि मीडियम वेव्हवर सूं आवाज येतो. मॉड्यूल रॉडपासून जितकं लांब बसेल तितकं बरं, वायरी पण रॉडला समांतर नेऊ नका.

चिमुकले_पॅड:
झाकणाच्या स्क्रूचे खांब कुठं येतात ते आधी बघा. मी एकदा कन्सोलमध्ये सगळं सुंदर जोडलं आणि झाकण लावताना स्क्रूचा खांब बरोबर वायरवर आला, कव्हर चिरडून दोन वायरी एकमेकींना लागल्या, स्क्रीन गेली. तेव्हापासून मी झाकणाच्या खांबांवर लिपस्टिकचा ठिपका लावते, झाकण एकदा टेकवून उचलते, आत जिथं लाल उमटतं तिथून वायर न्यायची नाही. कापसाने पुसून मग काम.

कृष्णाकाठ:
झालं काम. लिट्झचं टोक सोडवलं तर मागे सगळे आठ तंतू शाबूत मिळाले, कथिलात बुडवल्यावर दोन लालसर राहिले होते, परत बुडवले, आता आठही चंदेरी. ७९२ परत पहिल्यासारखं लागतंय. काळ्या वायरी वेगळ्या काढल्या आणि जाळी एका बाजूने सोडली, टुरटुर आता कान स्पीकरला लावला तरच येते. दोन पोलचा स्विच सेलच्या डब्याच्या कडेला बसवला, कव्हरच्या बटणाखाली लपतो, मूळ रेडिओला एकही भोक पाडलं नाही. चार्जिंगची वायर मागच्या फटीतून बाहेर येते.

लिपस्टिक बहिणीची वापरली, एक खांब बरोबर बॅटरीच्या लाल वायरवर उमटला होता. ती वायर आता सेलच्या डब्याच्या भिंतीला ग्लू गनने धरलीय. झाकण चार वेळा उघडून लावलं, आतून कुठलाही आवाज आला नाही. आजोबा आत्ता अंगणात खुर्ची टाकून बसलेत, रेडिओ मांडीवर आहे.